जपानी जेवण ताडून पाहताना: देशोदेशींच्या स्वयंपाकाची तुलना घरच्या ओट्यावर

'जपानी जेवण चांगलं की इटालियन?' असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, कुठल्या दिवसाचं? सोमवारी रात्री घरी येऊन घाईत केलेलं, की लग्नातलं?

हा प्रश्न मला उशिरा सुचला. माझ्या जुन्या वहीत एक नोंद आहे. एका महागड्या हॉटेलात सुशीचं ताट खाऊन आल्यावर मी लिहिलं होतं, 'जपानी जेवण: थंड, सौम्य, खर्चिक.' शेजारी लिहिलं होतं, 'मराठी जेवण: गरम, तिखट, परवडणारं.' एखाद्या जपानी माणसाने दादर स्टेशनबाहेर वडापाव खाऊन 'मराठी लोक तळलेलं खातात' असं लिहावं, तशातली ही तुलना. तेव्हापासून पद्धत बदलत गेले. खाली देते आहे ती जपानच्या उदाहरणाने. कोरिया, इटली आणि आपलं घर तिथे ताडायला घेतलं आहे. तुम्हाला दुसरा देश घ्यायचा असेल तर पायऱ्या त्याच राहतात.

पायरी १: आधी ताटं जुळवा

प्रत्येक देशात निदान तीन प्रकारचं जेवण असतं: रोजचं घरचं, सणासमारंभाचं आणि दुकानातलं. तुलना करताना घरच्यासमोर घरचंच ठेवा. सुशी हे जपानमध्ये बहुतेकांचं रोजचं जेवण नाही. ती बाहेर जाऊन खायची, नाहीतर पाहुणे आले की मागवायची गोष्ट. रोजच्या ताटाचा पारंपरिक साचा आहे 'इचिजू सानसाई', म्हणजे एक सूप आणि तीन पदार्थ. भात आणि लोणचं त्यात मोजत नाहीत, ते असतातच. आपणही जेवायला काय केलंय असं विचारल्यावर 'भाजी-आमटी' म्हणतो, मीठ आणि लिंबू सांगत नाही.

तेव्हा इचिजू सानसाईसमोर वरण-भात, एक भाजी, कोशिंबीर आणि लोणचं ठेवा. कोरियाकडून भात, सूप, किमची आणि दोन-तीन 'बानचान' म्हणजे छोटी तोंडीलावणी घ्या. इटलीकडून पास्ता आणि त्यानंतरची साधी भाजी. सुशीसमोर काय ठेवायचं हा वेगळा दिवस.

शाकाहारी घरांसाठी आणखी एक जोडी आहे आणि ती मला फार आवडते. झेन मठांतल्या स्वयंपाकाला 'शोजिन र्योरी' म्हणतात. त्यात मांस-मासे नाहीत, शिवाय कांदा-लसणासारखे उग्र वासाचे कंदही नाहीत. चातुर्मासात कांदा-लसूण बंद ठेवणाऱ्या घरात वाढलेल्यांना हे ताट समजावून सांगावं लागत नाही. कांद्या-लसणाशिवाय चव आणायची तर काय करायचं, हा प्रश्न दोन्ही स्वयंपाकघरांपुढे होता. उत्तरं निराळी निघाली: आपल्याकडे हिंग, जिरं आणि ओलं खोबरं, तिकडे समुद्री शेवाळ आणि वाळवलेलं अळंबी.

पायरी २: 'जपानी' म्हणजे कुठलं आणि कधीचं?

देशाचं नाव घेतलं की सगळा देश एकच चव खातो असं वाटायला लागतं. आपल्याला हे सांगायला नको, कोल्हापूरकर आणि मालवणकर एका ताटावर एकमत होऊन दाखवोत! जपानची सर्वांत सोपी विभागणी म्हणजे टोकियोकडचा कान्तो प्रांत आणि ओसाका-क्योटोकडचा कान्साई. उदोन शेवयांचं पाणी टोकियोकडे गडद सोया सॉसमुळे तपकिरी दिसतं, तर ओसाकाकडे ते फिकट, जवळजवळ पारदर्शक असतं. गंमत अशी की कान्साईतला फिकट सोया सॉस रंगाने हलका असला तरी गडद सॉसपेक्षा खारट असतो. 'दोनबेई' या कपातल्या उदोनच्या वेष्टनावर पूर्वेसाठी आणि पश्चिमेसाठी वेगवेगळी खूण छापलेली असते, कारण आतलं रस्साचूर्णच वेगळं असतं.

काळाचंही तेच. इ.स. ६७५ मध्ये सम्राट तेम्मूने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचं मांस खाण्यावर बंदीचा हुकूम काढला. पुढे बौद्ध वळणामुळे चतुष्पादांचं मांस शतकानुशतकं उघडपणे फारसं खाल्लं गेलं नाही. १८७२ मध्ये सम्राट मेइजीने स्वतः गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं आणि वारं फिरलं. त्यामुळे आज आपण जपानी म्हणून ओळखतो ते कितीतरी पदार्थ जेमतेम दीडशे वर्षांचे आहेत. भाताचंही बघा. १९६२ मध्ये माणशी वर्षाला सुमारे ११८ किलो तांदूळ लागत होता, तो आता ५० किलोच्या आसपास आला आहे. युद्धानंतर शाळेच्या जेवणात पाव आला, भाताला तिथे अधिकृत जागा मिळाली ती १९७६ मध्ये.

म्हणून वहीत पदार्थाच्या नावापुढे गाव आणि काळ लिहायची सवय लावा. 'उदोन, ओसाका, आजचं.' एवढं पुरतं.

पायरी ३: चव कुठे उतरते ते शोधा

पदार्थांची तुलना करू नका. चव कशात उतरवली आहे, तेलात की पाण्यात, ते बघा. या एका प्रश्नावर माझी बाकीची वही उभी आहे.

मराठी घरात चवीची सुरुवात फोडणीने होते. तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंग-हळद पडली, कढीपत्ता चुरचुरला. मसाल्यांचे वास देणारे बहुतेक अंश पाण्यापेक्षा तेलात चांगले उतरतात, म्हणून आपण ते तेलाच्या हवाली करतो आणि तेल ते आमटीभर पसरवतं. जपानी घरात सुरुवात 'दाशी'ने होते. दाशी म्हणजे पाणीच, पण आत काहीतरी उतरवून घेतलेलं. त्याला लागतात दोन वस्तू: होक्काइदो बेटाच्या किनाऱ्यावरचं 'कोंबू' नावाचं जाड समुद्री शेवाळ, आणि 'कात्सुओबुशी' म्हणजे उकडून, धुरावर धरून, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवलेला मासा. त्याचे कागदासारखे पातळ पापुद्रे काढतात.

या पाण्यात काय उतरतं याचा शोध १९०८ मध्ये टोकियोतले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी लावला. कोंबूतलं ग्लुटामेट त्यांनी वेगळं काढलं आणि त्या चवीला 'उमामी' नाव दिलं. १९१३ मध्ये शिंतारो कोदामा यांना कात्सुओबुशीत इनोसिनेट सापडलं. दोन्ही एकत्र आली की चव बेरजेने नाही, गुणाकाराने वाढते. म्हणून दाशीत मसाला नसतो तरी ती अळणी लागत नाही.

आता घरी करून बघा. कोंबू ऑनलाइन मिळतो, मोठ्या शहरांत कोरियन किराणा दुकानातही. तिथे त्याचं नाव 'दासिमा'.

एक लिटर पाण्यात १० ग्रॅम कोंबू घाला. वरची पांढरी भुकटी धुऊ नका, ती घाण नसते. ओल्या फडक्याने हलकं पुसलं की झालं. अर्धा तास भिजू द्या. मग मंद आचेवर ठेवा. कडेला बारीक बुडबुडे दिसू लागले की, उकळी फुटायच्या आत, कोंबू बाहेर काढा. पाणी उकळीला आणून गॅस बंद करा, २० ग्रॅम कात्सुओबुशी घाला, दोन मिनिटांत ती तळाशी बसली की मलमलीतून गाळा. पिळू नका. मासे चालत नसतील तर कोंबूबरोबर तीन-चार वाळलेली शिताके अळंबी रात्रभर फ्रीजमध्ये भिजवा.

पहिल्या खेपेला मी चहासारखा कोंबू खळखळा उकळला. पाणी बुळबुळीत झालं आणि कडवट. दुसऱ्या खेपेला चव उतरलीच नाही, कारण आमच्याकडे तेव्हा बोअरचं पाणी होतं. जपानचं पाणी बहुतेक ठिकाणी मृदू आहे, क्षार जास्त असले की कोंबूचा अर्क नीट उतरत नाही. फिल्टरचं पाणी घ्या.

तिसऱ्या खेपेला जमली. आई आली होती, तिला वाटीत दिली. तिने एक घोट घेतला आणि म्हणाली, "अगं, हे तर सोडे भिजवलेलं पाणी!"

इतक्या वाचनाने मला जे उमगलं नव्हतं ते कोकणातल्या बाईने एका घोटात सांगितलं. वांगं-बटाट्याच्या रश्श्यात मूठभर सोडे पडतात ते 'कोळंबीची भाजी' म्हणून नव्हे, रश्श्याला चव यावी म्हणून. भिजवलेलं पाणीही कुणी फेकत नाही. मालदीवमध्ये टुना मासा असाच उकडून, धुरावून, वाळवून कडक करतात आणि श्रीलंकेत तो कुटून भाजीत, संबोल नावाच्या चटणीत घालतात. कात्सुओबुशीचा हा सख्खा चुलतभाऊ. म्हणजे 'जपान विरुद्ध भारत' अशी रेघ ओढली तर ती चुकीच्या जागी पडते. वाळवलेल्या माशाने चव आणणारी किनारपट्टी एका बाजूला, फोडणीवर चालणारा मुलूख दुसऱ्या बाजूला. कोकण दोन्हीकडे पाय ठेवून उभं आहे.

बाकीच्यांना याच प्रश्नावर तपासा. इटलीत सुरुवात होते ती बारीक चिरलेला कांदा, गाजर आणि सेलरी ऑलिव्ह तेलात मंद परतून. म्हणजे तेल, आपल्यासारखं. पण शेवटी वरून किसलेलं पार्मेझान चीज आणि मधे शिजलेला टोमॅटो, दोन्ही ग्लुटामेटने भरलेले. कोंबूचं काम तिथे चीज करतं. कोरियात सुक्या लहान माशांचं आणि दासिमाचं पाणी असतं, जपानसारखंच. त्यात आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा किंवा मिरचीचा लगदा जातो आणि शेवटी तिळाच्या तेलाचे चार थेंब.

पायरी ४: एक भोपळा, तीन पातेली

वाचून तुलना होत नाही. एकच भाजी घ्या आणि एकाच वेळी तीन देशांत शिजवा. मी लाल भोपळा घेते, कारण तो तिन्हीकडे खातात आणि स्वतः फारसा बोलत नाही.

पाऊण किलो भोपळ्याचे इंचभराचे तुकडे करून तीन वाटे करा.

जपानी वाटा: साल ठेवा. पसरट पातेल्यात तुकडे साल खाली करून एका थरात लावा. दीड वाटी दाशी, एक मोठा चमचा साखर आणि एक मोठा चमचा सोया सॉस. आपला भोपळा जपानी भोपळ्यापेक्षा पाणचट असतो, म्हणून दाशी तुकडे बुडतील इतकी घालू नका. पातेल्याच्या तोंडापेक्षा लहान झाकण थेट भाजीवर ठेवा. जपानमध्ये लाकडाचं असं झाकण मिळतं, घरी छोटी स्टीलची ताटली चालते. दहा-बारा मिनिटांत शिजतो. मग गॅस बंद करून अर्धा तास हात लावू नका.

मराठी वाटा तुम्हाला सांगायला नको, पण मोजून करा, नाहीतर तुलना बिघडते: एक मोठा चमचा तेल, मोहरी, पाव चमचा मेथीदाणे, हिंग, हळद, सुकी मिरची, झाकणावर पाणी ठेवून वाफ, शेवटी चमचाभर गूळ आणि मीठ.

इटालियन वाटा: दोन चमचे ऑलिव्ह तेलात ठेचलेली लसणाची पाकळी, रोझमेरी असेल तर एक काडी, भोपळा, मीठ, थोडं पाणी. उतरवल्यावर किसलेलं चीज.

चाखताना क्रम पाळा. आधी पाण्यातला, मग तेलातले. उलट केलंत तर जिभेवर तेलाचा थर बसतो आणि जपानी भोपळा नुसता गोड लागतो. सोबत मीठ न घातलेला मऊ भात ठेवा. इंद्रायणी उत्तम, तो जपानी तांदळासारखा चिकटतो. बासमती घेऊ नका.

मग एक तासाने पुन्हा चाखा. बहुतेक लोक हे करत नाहीत आणि इथेच खरी गोष्ट कळते. जपानी भोपळा गार झाल्यावर जास्त चविष्ट लागतो, रस आत मुरलेला असतो. फोडणीचा भोपळा गरम असतानाच राजा, तासाभराने त्याचा वास अर्धा उरतो. जपानी डब्यातलं जेवण गार का चालतं आणि आपल्याला डबा गरम का लागतो, याचं निदान एक कारण तुमच्या जिभेवर असतं.

पायरी ५: आंबवणारा कोण?

'आम्हीही आंबवतो, तेही आंबवतात' हे वाक्य मी बऱ्याच ठिकाणी वाचलं आहे. काही उपयोगाचं नाही. कोण आंबवतं आणि त्यातून काय मिळतं ते विचारा.

मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा), सोया सॉस, साके (तांदळाची दारू) आणि मिरिन (स्वयंपाकातली गोड दारू) या सगळ्यांच्या मुळाशी 'कोजी' ही एकच बुरशी आहे. वाफवलेल्या तांदळावर किंवा धान्यावर ती वाढवतात. ती पिष्टाची साखर करते आणि प्रथिनांचं अमिनो आम्लांत रूपांतर करते. मिळते ती खोल, खारट चव. आंबोळीच्या किंवा इडलीच्या पिठात काम वेगळ्याच सूक्ष्मजीवांचं, आणि मिळतो तो आंबटपणा आणि जाळी. आपण हलकेपणासाठी आंबवतो, ते चवीचा साठा करण्यासाठी. मिसोचा डबा वर्षभर टिकतो, आंबोळीचं पीठ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टाकायच्या लायकीचं होतं.

पण इथेही देशाची रेघ फसवते. जपानमधला तार सुटणारा, उग्र वासाचा 'नात्तो' बॅसिलस जातीच्या जिवाणूवर बनतो. त्याच कुळातले जिवाणू कोरियाच्या चोंगुकजांगमध्ये आहेत, नागालँडच्या अखुनीत आहेत, मणिपूरच्या हवाइजारमध्ये आहेत, दार्जिलिंग-सिक्कीमच्या किनेमामध्ये आहेत. सोयाबीन उकडून उबेत आंबवायचं, एवढीच कृती. नात्तो 'विचित्र जपानी पदार्थ' म्हणून दाखवणाऱ्यांना कोहिमाचा बाजार दाखवावा.

पायरी ६: ताट आणि हात

ही पायरी छोटी. एक चित्र काढा. जपानी मांडणीत भाताची वाटी डावीकडे, सूप उजवीकडे, चॉपस्टिक समोर आडव्या. आपल्याकडे मीठ वर, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजवीकडे भाज्या. दोन्हीकडे डावं-उजवं ठरलेलं आहे.

जपानी माणूस वाटी हातात उचलून तोंडाजवळ नेतो. कोरियात वाटी मेजावरच ठेवतात, उचलणं शिष्टाचारात बसत नाही. तिथे भातालाही चमचा लागतो. जेवणाचा तुकडा किती मोठा, रस्सा किती पातळ, हे सगळं या सवयींवर ठरतं. चॉपस्टिकने खायचं म्हणून कापणं स्वयंपाकघरातच संपतं. इटलीत सुरी मेजावर येते. आपल्याकडे हात असतो, म्हणून कालवता येतं, आणि कालवता येतं म्हणून वरण-भात हा पदार्थ ताटातच तयार होतो.

पायरी ७: बाहेरून कोण आलं?

पोर्तुगीजांनी गोवा घेतलं १५१० मध्ये, जपानच्या तानेगाशिमा बेटावर ते पोहोचले १५४३ मध्ये. पोर्तुगीज भाषेतल्या पावाच्या शब्दापासून आपला 'पाव' आला, आणि त्याच शब्दापासून जपानी 'पान'. टोकियोत बेकरीवर 'पान' वाचलंत तर विड्याचा विचार करू नका. पिठात बुडवून तळायचा तेम्पुरा हाही त्याच पाहुण्यांचा वारसा मानला जातो. मग जपान्यांनी तेलातून काढलेला तेम्पुरा कशात बुडवला? दाशीत. असे ठसे शोधा: परकी वस्तू आल्यावर घरच्या चवीने तिला कुठे पकडलं.

करीची वाट जास्त वळणाची. ती भारतातून थेट गेली नाही. ब्रिटिश करी पावडर म्हणून मेइजी काळात पोहोचली, मैदा-लोण्याने दाट झाली आणि 'कारे राइसु' म्हणून इतकी मुरली की आज ती मुलांच्या आवडीच्या पदार्थांत असते. थेट भारतीय चव पोहोचवायचा प्रयत्नही झाला. १९१५ मध्ये जपानला निसटलेले क्रांतिकारक रासबिहारी बोस ज्या नाकामुराया दुकानाच्या घरचे जावई झाले, तिथे टोकियोच्या शिंजुकू भागात १९२७ मध्ये भारतीय पद्धतीची करी मिळू लागली. म्हणून तुमच्या घरच्या रश्श्यासमोर जपानी करी ठेवताना तिसरी वाटी इंग्लंडची ठेवावी लागेल.

पायरी ८: 'पौष्टिक' हा शब्द तपासून वापरा

जपानी आयुर्मान मोठं आहे, तेल कमी आहे, मासे-भाज्या भरपूर आहेत. पण मिसो, सोया सॉस आणि लोणची यांतून मीठ पोटात जातं ते रोज माणशी १० ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते. तेलाच्या रकान्यात जपान जिंकेल, मिठाच्या रकान्यात नाही. एकच गुण देऊ नका.

पायरी ९: नोंद

वहीत विशेषणं टाळा. 'सौम्य', 'चमचमीत', 'अस्सल' हे शब्द तुमच्याबद्दल सांगतात, पदार्थाबद्दल नाही. क्रियापदं लिहा. माझी भोपळ्याची शेवटची नोंद अशी आहे:

'जपान: भिजवलं, उतरवलं, मुरवलं. चव पाण्यात. तासाने वाढली. घर: तडतडवलं, परतलं, वाफवलं. चव तेलात. तासाने उतरली. इटली: लसूण तेलात, चीज वरून. चव दोन्ही टोकांना, मधे भोपळा एकटा.'

आणि दाशी काढून उरलेला कोंबू फेकू नका. जपानमध्ये त्याच्या बारीक पट्ट्या कापून सोया सॉस आणि साखरेत आटवतात, भाताबरोबर थोडा थोडा खातात. मी अर्धा तसा करते. उरलेला अर्धा आईने परवा चिरून लसूण आणि तिळाच्या फोडणीवर टाकला, वर लाल तिखट. भाकरीबरोबर तो आधी संपला.